चरात निघालेली नहर

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या आसपास पाइपलाइनची कामं करणाऱ्या एका टोळीत एक शिस्त पक्की आहे. जेसीबी चर खणत असताना एका पोराने मोबाइल खिशात ठेवायचा, मशीनपासून चार हात लांब उभं राहायचं आणि नुसता कान द्यायचा. मुरमातून बकेट गेली की खरखर होते. काळ्या मातीत आवाज जवळजवळ येतच नाही. पाषाणाला दात लागले की अख्खं मशीन कण्हतं. या तिन्हींत न बसणारा आवाज आला, की बाकी काही न बघता हात वर करायचा. ऑपरेटरने मशीन थांबवायचं. मग मिस्तरी खाली उतरणार, हाताने माती बाजूला करणार आणि ते सांगतील तेव्हाच काम पुढे जाणार.

मिस्तरींना गावात सगळे मिस्तरी मामाच म्हणतात. आता साठीच्या पुढे आहेत. आयटीआयचा फिटर ट्रेड केला आणि कापसाच्या कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही म्हणून मराठवाड्यातली पोरं जातात तसे तेही औरंगाबादला गेले. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. छत्रपती संभाजीनगर हे नाव आलं २०२३ मध्ये. तिथे एका ठेकेदाराकडे ते पाइपलाइनवर लागले. शहर वाढत होतं, नवनव्या वसाहतींना पाणी न्यायचं होतं, कामाला तोटा नव्हता. बिडाचे पाइप, सिमेंटचे पाइप, पुढे लोखंडाचे डीआय आणि प्लॅस्टिकचे एचडीपीई, असे सगळे प्रकार त्यांच्या हाताखालून गेले.

तो वेगळा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो शहराच्या उत्तर अंगाला. वितरणाच्या साध्या लाइनचा चर चालला होता. मशीन मुरमात होतं आणि मधेच खापर फुटल्यासारखं काहीतरी वाजलं.

“मिस्तरी, कवेलू निघाले वाटतंय,” चराच्या काठावरचा मजूर म्हणाला.

“कवेलू कंबरभर खाली कशाला येतील? थांबीव आधी.”

खाली उतरून त्यांनी हाताने माती सारली. आधी चुना लागला. पांढुरका, विटांचे बारीक तुकडे घातलेला, इतका घट्ट की खुरप्याचं टोक त्याच्यावर नुसतं घसरत होतं. मशीनच्या दाताने या चुन्याचा एक कोपरा उडाला होता आणि आतून भाजक्या मातीचा तांबूस नळ दिसत होता. खापरी नळ. हातभर लांबीचे तुकडे एकात एक बसवलेले. प्रत्येकाचं एक टोक निमुळतं, दुसरं रुंद. एकाचं निमुळतं टोक पुढच्याच्या रुंद तोंडात आणि सांध्यावर पुन्हा चुना. आत बोट घातल्यावर भिंतीला खडबडीत थर लागला. वर्षानुवर्षं पाणी वाहून साचलेला क्षार होता तो. नळाच्या बाहेरच्या अंगावर चाकावर फिरताना उठलेल्या बारीक रेघा अजून शाबूत होत्या. कुंभाराची बोटं तिथून फिरली होती.

मिस्तरींच्या ध्यानात पहिल्यांदा काय आलं असेल, तर ती नळाच्या तोंडाची दिशा. पाइप टाकणाऱ्या माणसाला हे पहिल्याच कामावर शिकवतात: सॉकेटचं, म्हणजे रुंद टोकाचं तोंड पाणी जिकडून येतं त्या बाजूला ठेवायचं. पाणी सांध्यावर आपटत नाही, गाळ सांध्यात अडकत नाही आणि चढावर पाइप टाकत जाताना पुढचा पाइप मागच्यात बसून राहतो. आजही डीआय पाइप तसाच बसतो, फक्त चुन्याच्या जागी रबराची रिंग आली. समोरच्या खापरी नळाची रुंद तोंडं सगळी उत्तरेकडे होती. म्हणजे पाणी वरून, हर्सूलच्या अंगाने येत होतं आणि शहराकडे उतरत होतं. नळ कुणी बसवला हे ठाऊक नव्हतं, पण ज्याने बसवला त्याला आपलीच विद्या येत होती, हे मिस्तरींनी उकिडवं बसल्या बसल्या ओळखलं.

तोवर काठावर माणसं जमली होती. त्यातले एक बुजुर्ग पुढे झाले. म्हणाले, “मिस्तरी, ये नहर है. पनचक्की को जाती. बचपने में इधर जमीन को कान लगाए तो पानी का आवाज आता था.”

ज्या गावाला नदी बारमाही नाही, त्या गावाला पाणी कसं द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे औरंगाबादच्या नहरी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानीसाठी वसवायला घेतलं. नावातच गावाची जमीन आली. खाली काळा पाषाण, वर मुरूम, आणि खाम नदी उन्हाळ्यात रोडावणारी. उत्तरेला मात्र डोंगरांची रांग. पावसाळ्यात डोंगरात मुरलेलं पाणी उताराने हळूहळू खाली झिरपत राहतं. मलिक अंबरने हे जमिनीखालचं पाणी डोंगराच्या पायथ्याशी, हर्सूलच्या परिसरात अडवलं आणि भुयारी मार्गाने शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, १६५३ पासूनच्या औरंगजेबाच्या सुभेदारीत शहराला औरंगाबाद हे नाव मिळालं, पण पाणी आणायची रीत बदलली नाही. एकामागून एक नहरी होत गेल्या. थत्ते नहर, पळशीची नहर, बेगमपुऱ्याची नहर आणि पाणचक्कीची. एका शहराच्या पोटात अशा डझनाहून जास्त नहरी होत्या. मोटार नाही, इंधन नाही. उतार, चुना, दगड आणि खापरी नळ एवढ्यावर अख्खं शहर पाणी पीत होतं.

पाणचक्की मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलीत हमखास असते. मिस्तरीही शाळेत असताना ती बघून आले होते. पोरांच्या रांगेतून पुढे सरकत, फिरतं जातं बघून. चरात नळ निघाल्यानंतर सुटीच्या दिवशी ते पुन्हा गेले, या खेपेला फिटरच्या नजरेने.

महमूद दरवाजाच्या शेजारी, खाम नदीच्या काठावर हा सगळा परिसर आहे. मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळच्या घिजदुवान गावातून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा इथे दर्गा. त्यांच्या पश्चात अठराव्या शतकात, आसफजाही अमदानीच्या सुरुवातीला, तुर्कताज खान या सरदाराने इथल्या बांधकामाला आणि पाण्याला हात घातला. जमील बेग खानाने पुढे लांबलचक हौद आणि कारंजी केली. दर्ग्यात फकीर, मदरशातली मुलं, वाटसरू यांचा राबता. रोज एवढ्या माणसांच्या भाकरीला पीठ लागणार. बैल जुंपण्यापेक्षा उंचावरून पडणाऱ्या पाण्यावर जातं फिरवायचं ठरलं. नहरीच्या शेवटाला गिरणी, असा हा बेत.

नहरीचं पाणी काही मैलांवरून, हर्सूलच्या नदीला एक ओढा मिळतो त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीतून निघतं. खापरी नळांतून जमिनीखालून येतं आणि पाणचक्कीपाशी आल्यावर एका उंच भिंतीत चढतं. पाणी वर चढलेलं बघून शाळेतली पोरं तोंडात बोट घालतात. मिस्तरींना त्यात चमत्कार दिसला नाही, हिशेब दिसला. उगमाची पातळी उंच असेल आणि मधला नळ बंदिस्त असेल, तर पाणी खळग्यात उतरून पुन्हा जवळजवळ तितकंच वर येतं. मात्र त्याची किंमत नळाला मोजावी लागते. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. लोखंडाला तो काहीच नाही. भाजक्या मातीला आहे. मातीचा नळ बाहेरून दाबला तर तग धरतो, आतून फुगवला तर तडकतो. म्हणून त्याच्याभोवती हातभर जाड चुन्याचा गिलावा. चरात खुरपं घसरत होतं तो चुना नुसतं आवरण नव्हता. नळाला दाब सोसायचं बळ तोच देत होता. त्यात विटेची भुकटी, म्हणजे सुरखी घातलेली असते. अशा चुन्याला हवेची वाट बघावी लागत नाही, तो ओलीतही मुरतो आणि घट्ट होत जातो.

पण एवढ्याने भागत नाही. बंदिस्त लाइनचा दुसरा शत्रू म्हणजे हवा. गावच्या नळाला पाणी सोडलं की आधी फुसफुस येते आणि मग धार लागते, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. चढावाच्या माथ्यावर हवा अडकली तर वरून कितीही पाणी सोडा, खाली थेंब येत नाही. आजच्या लाइनवर अशा ठिकाणी एअर व्हॉल्व्ह बसवतात. नहरीच्या कारागिरांनी वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले. शहरातले लोक त्यांना बंबे म्हणतात. पाणी एका नळाने मनोऱ्यात चढतं, वरच्या उघड्या हौद्यात येतं, हवा तिथे सुटते, दाब तिथे मोडतो, गाळ खाली बसतो, आणि दुसऱ्या नळाने पाणी पुढच्या टप्प्याला निघतं. लागेल तर तिथूनच एखाद्या मोहल्ल्याला शाखा काढता येते. इस्तंबूलच्या जुन्या पाणीपुरवठ्यातही असेच मनोरे आहेत, तिथे त्यांना सुतेराझी म्हणतात. एअर व्हॉल्व्ह, दाब तोडणारी टाकी, गाळाचा चेंबर आणि वितरणाचा टॅपिंग पॉइंट, ही आजची चार कामं एकाच मनोऱ्यात होत होती.

या मनोऱ्यांजवळ आणि वाटेतल्या उघडता येणाऱ्या झाकणांजवळ मिस्तरी सगळ्यात जास्त वेळ थांबले. नहर नुसती टिकाऊ बांधली नव्हती, ती उघडता येईल अशी बांधली होती. कुठे तुंबली तर त्या दोन झाकणांमधला टप्पा साफ करायचा. नळ फुटला तर तेवढाच बदलायचा. त्यासाठी लाइन कुठून जाते हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं, आणि तिच्या डोक्यावर घर नसायला हवं.

पाणचक्कीत शेवटी पाणी उंचावरून धबधब्यासारखं हौदात कोसळतं. त्याचा एक झोत जात्याखालच्या लोखंडी पात्यांच्या चाकावर येतो, चाक फिरतं, त्याच्या दांड्यावरची वरची तळी फिरते आणि पीठ पडतं. पण दळण करून पाणी संपत नाही. पात्यांवरून गेलेलं पाणी जेवढं आलं तेवढंच पुढे जातं. हौदात वजू होते, कारंजी उडतात. लांबट हौदाखाली मोठं दालन आहे, सुमारे १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे मे महिन्यातही आत गारवा. त्यातून उरलेलं पाणी खाम नदीला. पाण्याने वाटेत दळण दळलं, माणसं निववली, अंग धुतलं आणि तरी ते पाणीच राहिलं.

शहराच्या दुसऱ्या गिरणीचं गणित निराळं होतं. १८८९ मध्ये औरंगाबादेत कापसाची सूत आणि कापड गिरणी उभी राहिली. तिच्यात सातशे माणसं कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि रुळांच्या कडेने जिनिंगचे कारखाने उगवले. पुढच्याच वर्षी एकट्या जालन्यात नऊ जिनिंग आणि पाच प्रेस होते. १९१२ मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत रूळ आले आणि आमच्या भागातला कापूसही गाडीत बसला. वाफेच्या गिरणीला बॉयलरसाठी पाणी लागतं, धागा तुटू नये म्हणून खात्यात दमटपणा ठेवायला पाणी लागतं, आणि ते वाफ होऊन हवेत निघून जातं. जोडीला कोळसा. पाण्याच्या उतारावर जातं फिरवायचे दिवस तिथेच मागे पडले. तरी खापरी नळांतलं पाणी थांबलं नाही. गिरणीचे भोंगे वाजून बंद झाले, त्यानंतरही पाणचक्कीच्या हौदात पाणी पडत राहिलं.

चरातल्या नळाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं होतं की नळ कोरडा आहे, मेलेली लाइन आहे, काढून टाका आणि पुढे चला. रनिंग मीटरवर बिल निघतं. मशीन उभं राहिलं की भाडं चढतं. यात त्या माणसाचा स्वभाव वाईट नव्हता, कामाची रीतच तशी आहे. मिस्तरींनी हातपाय आपटले नाहीत. त्यांनी साइटवरच्या तरुण इंजिनिअरला बोलावलं आणि लेव्हल लावायला सांगितली. मापाची काठी, म्हणजे स्टाफ, उघड्या नळावर धरला, मग वरच्या अंगाला थोडं हाताने खणून पुन्हा नळ उघडा केला आणि तिथेही धरला. उतार निघाला, एकसारखा, सावकाश, पाणी धावू नये पण थांबूही नये असा. नुसत्या डोळ्याला ती जमीन सपाट दिसत होती.

इंजिनिअर बराच वेळ वहीतल्या आकड्यांकडे बघत राहिला. दुर्बीण आणि स्टाफ नसताना हा उतार मैलोनमैल कसा धरला असेल, हे त्याने मिस्तरींना विचारलं. पाण्याने भरलेलं लांब पन्हाळं, ओळंबा आणि दोरी एवढ्या सामानावर जुने गवंडी पातळी काढत, आणि हात बसला की ती चुकत नाही, असं मिस्तरींनी सांगितलं. मग दोघांनी मिळून वाट काढली. नवी लाइन नळाच्या खालून, अंतर ठेवून, वाळूच्या बेडिंगवर नेली. फुटलेल्या कोपऱ्यावर चुना भरून वर फरशी ठेवली. कडेच्या भिंतीवर रंगाने बाण आणि खोलीचा आकडा लिहिला. जास्तीचं काम होतं थोड्या तासांचं. सुटलेला खापराचा तुकडा मजुरांपैकी कुणालाच नको होता. इंजिनिअरने तो फडक्यात बांधून आपल्या टेबलावर नेला.

नहरी म्हाताऱ्या होऊन मेल्या, असं म्हणायची पद्धत आहे. मिस्तरींनी पुढे वर्षानुवर्षं त्याच शहराची जमीन उकरली, आणि त्यांना हे म्हणणं पटत नाही. त्यांनी बघितलेले चुन्यातले नळ बहुतेक ठिकाणी धड होते. तुटले होते ते माणसांनी तोडलेले. कुणाच्या घराचा पाया नळावर आलेला. कुणाच्या बोअरवेलने आधीच वरचं पाणी ओढून घेतलेलं. डोंगरपायथ्याचं झिरपणारं पाणीच खोल गेलं, तर नहरीत येणार कुठून? कुठे झाकणात कचरा लोटलेला, कुठे ड्रेनेज नहरीत सोडलेलं, कुठे केबलवाल्यांनी आरपार भोक पाडलेलं. यातल्या कुणालाच खाली नहर आहे हे माहीत नव्हतं. नहरीची देखभाल करणारी माणसं गेली, त्यांच्याबरोबर तिची वाट गेली, आणि वाट गेल्यावर ती लाइन उरली ती फक्त चर खणणाऱ्याच्या अडचणीपुरती. पाणचक्कीचा हौदही अलीकडे उन्हाळ्यात रोडावतो. सहलीला आलेल्या पोरांना कधी कधी कोरडं जातं बघून परतावं लागतं.

त्याच शहराला आज पाणी येतं ते पैठणहून. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणातून, चढावर, पंप लावून. आधी ७०० मिलिमीटरची लाइन झाली, मग १४०० मिलिमीटरची. त्याही पुरेनात. कित्येक वस्त्यांत आठवड्यातून एकदा नळ येऊ लागला, म्हणून २५०० मिलिमीटर व्यासाच्या, माणूस उभा राहून चालत जाईल अशा पोलादी लाइनचं काम हाती घ्यावं लागलं. नहरींनी आजच्या एवढ्या मोठ्या शहराची तहान भागली असती, असं मिस्तरी कधीच म्हणत नाहीत. त्यांना खटकतं ते वेगळं. जुनी लाइन फुटली की तिची वाट शोधायला रस्ता दहा ठिकाणी खणावा लागतो, आणि ती टाकून अजून एक पिढीही गेलेली नसते. तीनशे वर्षांपूर्वीच्या नहरीवर निदान बंबे होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते सांगत होते की लाइन इथून गेली आहे.

मिस्तरी गावी परतले तेव्हा जल जीवन मिशनची कामं जोरात होती. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या या योजनेत प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं आहे. या भागात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन मोठी धरणं आहेत. सिद्धेश्वर तर औंढा तालुक्यातच. आणि पाण्याची जुनी विद्या बघायला इथल्या माणसाला औरंगाबादला जायची गरज नाही. नागनाथाच्या हेमाडपंती मंदिरात दर्शनाला येणारा माणूस अरुंद पायऱ्यांनी जमिनीखालच्या गाभाऱ्यात उतरतो, आणि त्याच आवारात पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत नेणारी पायविहीर आहे. लोक तिला सासू-सुनेची बारव म्हणतात. बारवेत पाणी कुठे आहे, किती आहे, गाळ किती साठला, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. पाइपलाइनमध्ये नेमकं हेच होत नाही. पाणी घरात येतं, पण त्याची वाट मातीखाली जाते.

गावच्या कामावर मिस्तरींनी जे बघितलं ते औरंगाबादच्या चरातल्यापेक्षा वेगळं नव्हतं. एका वस्तीत नवा चर खणताना आधीच्या योजनेची पीव्हीसी लाइन निघाली. ती कधी टाकली, कुठे सुरू होते, कुठे संपते, कुणालाच सांगता येईना. तिच्याखाली आणखी जुना सिमेंटचा पाइप. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि उथळ टाकलेला पाइप पिळवटून टाकते, म्हणून सांधे निसटलेले. शेतकऱ्याच्या नांगराने एके ठिकाणी तुकडा उडवलेला, त्याने बिचाऱ्याने सायकलची ट्यूब गुंडाळून भागवलेलं. एकाच गल्लीत तीन लाइनी, आणि वर्षानुवर्षं त्यातून पाणी सोडणाऱ्या शिपायाच्या डोक्याशिवाय त्यांचा नकाशा कुठेच नाही. शिपाई रिटायर झाला की नकाशाही रिटायर.

म्हणून मिस्तरींनी आपल्या टोळीत एक रीत सुरू केली. चर बुजवायच्या आधी प्रत्येक वळण, प्रत्येक टी, प्रत्येक व्हॉल्व्हचं माप तीन पक्क्या खुणांपासून घ्यायचं. देवळाचा ओटा, शाळेच्या भिंतीचा कोपरा, विहिरीचा कठडा. विजेचा खांब खूण म्हणून चालत नाही, तो हलवतात. झाडही चालत नाही. तीन खुणांपासूनची तीन मापं जिथे मिळतात तिथे व्हॉल्व्ह, मग वर रस्ता होवो की पेव्हर ब्लॉक बसोत. पाइपाची खोली लिहायची, जात लिहायची, व्यास लिहायचा, सॉकेटचं तोंड कुणीकडे तेही लिहायचं. शेवटी फोटो काढायचा, स्टाफ उभा धरून. पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली. मोबाइलवर लोकेशन घेतो की, म्हणाले. घ्या, पण चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि तेवढ्यात दुसऱ्याचा पाइप फुटतो, असं मिस्तरींनी सांगितलं.

याच तालुक्यात, औंढ्यापासून जवळच, लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची जागा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि आत निर्वात पोकळी, असं तिचं स्वरूप. अमेरिकेतल्या तशाच वेधशाळांत नळी बसवताना पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरावा लागला, कारण चार किलोमीटरमध्ये जमीन सरळ रेषेपासून मीटरभराहून जास्त वळते. टोळीतल्या एका पोराने हे कुठेतरी वाचलं आणि मिस्तरींना येऊन सांगितलं. त्यांनी त्याच्याकडून ते दोनदा ऐकून घेतलं. मग त्याला लेव्हलच्या वहीत जुन्या नळाचा उतार कसा मांडला होता ते काढून दाखवलं आणि आता हे काम तूच शिक म्हणाले. पोरगं आता लेव्हल लावतं.

जल जीवन मिशनच्या नियमाप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका आहेत. पाणी तपासायचं किट वापरायला शिकलेल्या बायकांपैकी एकीकडे आता लाइनीची वही आहे. समितीच्या बैठकीत तिने विचारलं, “मामा, नव्या लाइनीचं समजलं. पण त्या बंद पडलेल्या जुन्या पाइपांची मापं कामून लिहायची?”

“ते बी लिहा, बाई. आपण आज बंद म्हणतो. उद्या चर खणणाऱ्याला कुठं माहीत?”

तिने त्यासाठी वहीत मागची पानं वेगळी ठेवली. पहिल्या पानावर सिमेंटचा पाइप, दुसऱ्यावर पीव्हीसी, कुठून कुठे, किती खोल, कुठल्या खुणेपासून किती. तिसऱ्या पानावर फक्त मथळा आहे. गावच्या जुन्या विहिरीपासून आडापर्यंत दगडी पाट होता असं म्हातारी माणसं सांगतात. पाऊस उघडला की त्याच्या वाटेवर दोन ठिकाणी हाताने खणून बघायचं ठरलं आहे. मशीन लावायचं नाही, अशी नोंद तिने मथळ्याखालीच करून ठेवली आहे.